देवराईत दोन तास: कोकणात वनस्नानाची फेरी कशी काढावी

आमच्या गावच्या देवराईत शिरताना गडग्याशी, म्हणजे दगडी कुंपणाशी, वहाणा काढायच्या, आत मोठ्याने बोलायचं नाही, काडी मोडायची नाही आणि पडलेलं पानसुद्धा घरी न्यायचं नाही, हे आम्ही लहानपणापासून ऐकत आलो. गाव राजापूर तालुक्यातलं, खाडीपासून वर चढून आलं की जांभ्या दगडाचा सडा, म्हणजे उघडं पठार, आणि सड्याच्या कुशीत राई. गेली सहा वर्षं मी या राईत आणि तिच्या पलीकडच्या रानात लहान गटांना घेऊन जातो. जाणकार मंडळी याला वनस्नान म्हणतात. आमच्या आजीने एवढंच म्हटलं असतं की घटकाभर रायीत बसून ये, डोकं थंड होईल.

आपल्या वाडीत पाहुणे उतरवणारे, मुंबईहून आलेल्या भावंडांना रानात नेऊ पाहणारे किंवा स्वतःच आठवड्याला दोन तास झाडांत घालवायचं मनात असणारे, अशांसाठी हे लिहितो आहे. माझ्या चुकाही सांगेन, म्हणजे त्या तुमच्याकडून होणार नाहीत.

आधी समजून घ्या

१९८२ साली जपानच्या वनखात्याचे तेव्हाचे प्रमुख तोमोहिदे अकियामा यांनी ‘शिनरिन-योकू’ हा शब्द पुढे आणला. शिनरिन म्हणजे वन, योकू म्हणजे स्नान. यात पाणी नसतं. रानातला वास, आवाज, उजेड, गारवा अंगावर घेत सावकाश राहायचं, एवढाच अर्थ. त्यामुळे हा ट्रेक नाही, पक्षिनिरीक्षण नाही आणि वनस्पतिशास्त्राची सहलही नाही. दोन तासांत आम्ही जेमतेम एक किलोमीटर चालतो, कधी त्याहूनही कमी.

फायदा काय, हे लोक विचारणारच. तेव्हा खरं तेवढंच सांगा. रानात सावकाश वेळ घालवल्यावर नाडी आणि रक्तदाब थोडे उतरतात, ताणाच्या वेळी वाढणारं कॉर्टिसॉल कमी होतं, असं जपानमधल्या बऱ्याच चाचण्यांत दिसलं आहे. टोकियोतले डॉक्टर छिंग ली यांनी झाडांतून हवेत येणारी सुगंधी द्रव्यं आणि शरीराच्या रोगप्रतिकारक पेशी यांचा संबंध तपासला. मात्र त्यातल्या चाचण्या लहान गटांवरच्या आहेत आणि त्यांचा बराचसा भर तिथल्या हिनोकी-सुगीसारख्या सूचिपर्णी झाडांवर आहे. आपल्या ऐन-किंजळाच्या रानाला ते आकडे जसेच्या तसे चिकटवू नका. इंग्लंडमध्ये सुमारे २० हजार लोकांच्या माहितीवरून २०१९ साली एक अभ्यास प्रसिद्ध झाला. आठवड्याला किमान १२० मिनिटं निसर्गात घालवणाऱ्यांनी आपली तब्येत आणि मन बरं असल्याचं अधिक प्रमाणात सांगितलं. वेळ एकदम घालवला की तुकड्यातुकड्यांनी, याने फरक पडला नाही. मला सगळ्यांत जवळचा वाटतो तो रॉजर उलरिच यांचा १९८४ सालचा अभ्यास. पित्ताशयाची शस्त्रक्रिया झालेल्या ४६ रुग्णांपैकी ज्यांच्या खिडकीतून झाडं दिसत होती, ते विटांची भिंत दिसणाऱ्यांपेक्षा लवकर घरी गेले आणि त्यांना तीव्र वेदनाशामकंही कमी लागली.

याच्या पुढे बोलू नका. मधुमेह बरा होतो, गोळ्या सुटतात, असं कुणाला सांगणं हा अपराध आहे. गोळी घेऊनच रानात यायचं.

जागा आणि परवानगी

जागा निवडताना मी चार गोष्टी बघतो: दाट सावली, सपाट पायवाट, ऐकू येईल इतक्या अंतरावर पाणी आणि रस्त्यापासून निदान दहा मिनिटांची चाल. कोकणात अशी जागा शोधायला लांब जावं लागत नाही. देवराई असते, नारळी-पोफळीचं कुळागर असतं, घरामागचं रान असतं. खाडीकाठी कांदळवन असेल तर तेही उत्तम. वेंगुर्ल्याला मांडवीच्या खाडीत महिला बचत गट होडीतून कांदळवन दाखवतो. गुडघे दुखणाऱ्यांसाठी होडीतली अशी संथ फेरी चालण्यापेक्षा बरी. रायगडकडच्यांना मुरूडजवळचं फणसाड अभयारण्य आहे, तिथे वनखात्याचे नियम, वेळा आणि शुल्क पाळूनच जायचं.

देवराईचं मात्र वेगळं आहे. ती आधी देवाची जागा आहे, मग आपली. पाहुण्यांना घेऊन परस्पर आत शिरू नका. गुरवांना भेटा, गावकरांना आणि मानकऱ्यांना विचारा. काही राया अमुक दिवशी बंद असतात, काहींत विशिष्ट भागात कुणी जात नाही, काही ठिकाणी कौल घेतल्याशिवाय काही करत नाहीत. ‘आमच्या सोयीचं नाही’ असं गावाने सांगितलं, तर विषय संपला. घरामागच्या रानात फेरी काढा, तीही तितकीच चांगली होते.

मी विचारायला गेलो तेव्हा गुरवकाकांनी दोनच अटी घातल्या. चपला गडग्याबाहेर आणि आत फोटो नाहीत. पहिल्या फेरीनंतर त्यांनी तिसरी घातली. म्हणाले, “माणसं आणलीस ती आणलीस, पन बोलतात किती रे! त्यांना आधी गप राहायला शिकव, मगच आत आण.” या लेखातला अर्धा भाग त्या एका वाक्यातून आला आहे.

चपला काढायच्या असतील तर वाट देवळापर्यंतच्या झाडलेल्या भागातच ठेवा. अनवाणी माणसांना पाचोळ्यात कधीही नेऊ नका.

ऋतू आणि वेळ

नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा काळ सोपा. सकाळी सातला निघावं. दव टपटपत असतं, ऊन तिरकं येतं आणि पाखरं बोलत असतात. फेब्रुवारी-मार्चमध्ये सुरंगी फुलते. झाड दिसायच्या आधी वास येतो आणि त्याच्या मागोमाग मधमाश्यांची गुणगुण. माझ्या मते वर्षातली सर्वांत मोठी मेजवानी ती, पण झाडाच्या अगदी खाली गट बसवू नका. एप्रिल-मे महिन्यांत दमट उकाड्याने माणूस लवकर थकतो. तेव्हा साडेसहाला सुरुवात, दीड तासात परत आणि पाणी दुप्पट.

ऑक्टोबरातल्या आणि मे अखेरच्या दुपारी टाळा, कारण वीज कडाडायला वेळ लागत नाही. पावसाळ्यात रान सर्वांत सुंदर असतं हे खरं, पण जळवा, निसरडी पाखाडी (दगडी पायऱ्यांची वाट) आणि अर्ध्या तासात कमरेएवढा होणारा पऱ्या (ओढा), हेही तितकंच खरं आहे. जून ते सप्टेंबर मी नवख्यांना रानात नेत नाही. त्यांना घराच्या पडवीत बसवतो आणि पागोळ्या ऐकायला लावतो. त्यातही वनस्नानाचा बराचसा भाग होतो.

आदल्या दिवशी एकट्याने जा

हे टाळू नका. उद्याच्या वेळेलाच, उद्याच्या वाटेने, एकट्याने चाला. थांबायच्या चार-पाच जागा ठरवा. वर बघा: सुकलेली फांदी, आग्यामोहोळ, माडाची लोंबती झावळी. खाली बघा: सैल जांभा, बीळ, वारूळ. बाजूला बघा: खाजकुइलीच्या शेंगा. हिवाळ्यात त्या वाळून वाऱ्यावर कुसं सोडतात, अंगाला लागली तर फेरी तिथेच संपते.

बसायच्या जागेवर स्वतः दहा मिनिटं बसून बघा. हे मी एकदा केलं नाही. आंब्याखाली छान सपाट जागा दिसली म्हणून सात जणांना बसवलं आणि दोनच मिनिटांत सगळे ओरडत उठले. वर ओंबीलांची घरटी होती, पानं शिवून केलेली. त्या तांबड्या मुंग्या चावल्या की काय होतं, हे कोकणातल्या माणसाला सांगायला नको. मुंबईची एक ताई तर पुन्हा झाडाखाली बसायलाच तयार होईना. ती भीती माझ्या आळसाने दिली होती.

रत्नागिरी जिल्ह्यात फुरसं हा विषारी साप आहे, हे मनात पक्कं असू द्या. दगडांच्या फटीत, पाचोळ्यात बसलेलं ते चटकन दिसत नाही. म्हणून वाटेबाहेर कुणी पाय टाकायचा नाही, गडग्यावर हात टेकायचा नाही आणि पुढे नेहमी काठी आपटत वाटाड्याने चालायचं. सर्पदंशावरची लस जवळच्या कुठल्या सरकारी रुग्णालयात आहे, हे आधी फोन करून विचारून ठेवा. १०८ ची रुग्णवाहिका तुमच्या वाडीत किती वेळात येते, तेही. दंश झालाच तर तो अवयव हलू न देता माणसाला उचलून गाडीत घाला. चिरू नका, चोखू नका, घट्ट बांधू नका, मांत्रिकाकडे वेळ घालवू नका.

सिंधुदुर्गात, विशेषतः दोडामार्ग-सावंतवाडी भागात, जानेवारी ते मे माकडतापाची काळजी घ्यावी लागते. तो गोचिडीतून पसरतो. रानात मेलेलं माकड दिसलं तर त्या वाटेला जाऊच नका, लगेच आरोग्य केंद्राला कळवा. त्या भागात आरोग्य कर्मचारी सांगतात ते गोचीड दूर ठेवणारं तेल लावल्याशिवाय कुणी आत जायचं नाही.

माणसं

सहा ते आठ. नवव्या माणसाला मी पुढची तारीख देतो. गट मोठा झाला की कुजबूज थांबत नाही.

आदल्या संध्याकाळी प्रत्येकाशी फोनवर पाच मिनिटं बोला. दमा, रक्तदाब, मधुमेह, गुडघे, मधमाशीची अॅलर्जी, गरोदरपण यांची चौकशी करा. शिवाय एक प्रश्न हळुवारपणे विचारा: सध्या मनावर काही मोठा भार आहे का? नुकतंच घरातलं माणूस गेलेल्यांना, नैराश्यावर उपचार चालू असलेल्यांना शांत बसणं कधीकधी जड जातं. त्यांना येऊ द्या, पण एकटं लांब बसवू नका, आपल्याजवळ ठेवा.

कपडे पूर्ण बाह्यांचे, फिक्या रंगाचे, पँट मोज्यात खोचलेली. फिक्या कपड्यावर गोचीड दिसते. अत्तर नको. पोट अर्धं भरलेलं असावं. आमच्याकडे निघण्यापूर्वी वाटीभर मऊभात आणि लोणचं देतात, पोटाला जड होत नाही आणि चक्करही येत नाही.

फेरी: उंबरठ्यापासून

पहिली पंधरा मिनिटं गडग्याबाहेरच जातात. एक रोवळी ठेवतो, तांदूळ धुवायची. त्यात सगळ्यांचे फोन, बंद करून. वाटाड्याचा फोन तेवढा चालू, खिशात, आवाज न करता. मग नियम सांगायचे, थोडक्यात: वाट सोडायची नाही, काही तोडायचं नाही, न ओळखीच्या पानाला हात लावायचा नाही, त्रास वाटला तर हात वर करायचा. रान ‘अनुभवायला’ वगैरे सांगू नका. माणूस लगेच परीक्षेला बसल्यासारखा होतो.

गुरवकाका असले तर गाऱ्हाणं घालतात. “बा देवा म्हाराजा, ही लेकरं तुझ्या रायीत बसाया आली हत, त्यांना सुखरूप परत ने.” ज्याला वाटेल त्याने “व्हय म्हाराजा” म्हणावं. कुणावर सक्ती नाही आणि याचा कार्यक्रमही करायचा नाही. काका नसतील तर मी फक्त हात जोडतो.

कान

आत पहिल्या थांब्यावर उभ्यानेच डोळे मिटायला सांगा. ज्यांना मिटवत नाहीत त्यांनी जमिनीकडे बघावं. सर्वांत लांबचा आवाज शोधायचा. आमच्याकडे पश्चिमेचा वारा असेल तर समुद्राची गाज ऐकू येते. कधी कोकण रेल्वेचा भोंगा येतो. तोही आवाजच आहे, त्यावर नाक मुरडायचं कारण नाही. मग हळूहळू जवळ यायचं: तांबटाची ठोक-ठोक, पाचोळ्यातली सरड्याची सळसळ, शेवटी स्वतःचा श्वास. दहा मिनिटं. तिसऱ्या-चौथ्या मिनिटाला खांदे खाली येताना दिसतात. ते दिसले की समजा, फेरी सुरू झाली.

चाल

पुढची वीस-पंचवीस मिनिटं चालायचं, पण कसं? लोक ‘हळू’ म्हटलं तरी बागेत फिरल्यासारखे चालतात. मी सांगतो, डोक्यावर भरलेली कळशी घेऊन पाखाडी उतरणारी बाई आठवा. एक पाय पूर्ण टेकल्याशिवाय दुसरा उचलत नाही आणि मान स्थिर. ही चाल पायांना माहीत असते, शहरात वाढलेल्यांनाही पाच मिनिटांत जमते. वाटाड्याने पुढे राहावं आणि आपण आणखी सावकाश चालावं. गटाचा वेग वाटाड्याच्या पाठीकडे बघून ठरतो. शेवटी एक जाणतं माणूस हवं, गावातलंच.

वाटेत मी फक्त हाताने दाखवतो. ऐनाचं खोड, मगरीच्या पाठीसारखं भेगाळलेलं. शेजारी किंजळ. गारंबीची वेल, माणसाच्या मांडीएवढी जाड, एका झाडावरून दुसऱ्यावर गेलेली. शेकरू दिसलं तर थांबायचं. नाव सांगायचं नाही.

नाव न सांगणं मला सर्वांत जड गेलं. पहिल्या फेरीत मी चाळीसेक झाडांची नावं सांगितली, उपयोग सांगितले, आजीचे काढे सांगितले. लोकांनी वह्या काढल्या. परत आल्यावर एका काकांनी मनापासून आभार मानले आणि म्हणाले, “फार माहिती मिळाली.” त्यांचा चेहरा आला होता तसाच ताठ होता. तेव्हा कळलं की मी रान आणि त्यांच्या मध्ये उभा राहिलो होतो. आता नावं मी चहाच्या वेळी सांगतो, विचारलं तरच.

हात आणि नाक

आमच्या राईत पडलेलं पान उचलून वास घेता येतो, पण जाताना तिथेच ठेवायचं. कुळागरात जरा मोकळीक असते: दालचिनीचं पान चुरगाळा, तिरफळाचा वास घ्या, मिरीवेल लावलेल्या पोफळीच्या खोडाला तळहात टेका. ओली माती चिमटीत घ्या. बिब्ब्याजवळ जाऊ देऊ नका, त्याच्या तेलाने कातडी भाजते. ज्या झाडाची तुम्हाला शंभर टक्के ओळख नाही, तिथे कुणाचा हात जाऊ देऊ नका.

इथे पंधरा मिनिटं पुरतात. कुणी एकाच शेवाळलेल्या जांभ्यापाशी रेंगाळलं तर रेंगाळू द्या.

बैठक

आता मुख्य गोष्ट. प्रत्येकाला एक जागा द्यायची, तुम्ही तपासलेली, एकमेकांपासून दहा-पंधरा पावलांवर, पण तुमच्या नजरेत. सुंभाच्या तरटाचा तुकडा किंवा जाड चटई द्या. वीस मिनिटं बसायचं. काही करायचं नाही. श्वास मोजायचा नाही, मंत्र म्हणायचा नाही. ज्याला आपसूक नाव घ्यावंसं वाटलं त्याने घ्यावं.

पहिली सात-आठ मिनिटं सगळे चुळबुळतात. डास हाकलतात, घड्याळ बघतात. तुम्ही हलू नका. त्यानंतर कधीतरी एकेक जण निवांत होतो. समोरच्या पानावरून मुंगी जाते आणि तिच्याकडे तो माणूस खरंच बघत असतो. पाखरंही तोवर आपल्याला विसरलेली असतात. एकदा शिळकरी कस्तूर आमच्यापासून वीस पावलांवर शीळ घालून गेला. कुणी हललं नाही.

वेळ संपली की टाळ्या नाहीत, शिट्टी नाही. मी दोन करवंट्या एकमेकींवर हळू तीनदा वाजवतो. आवाज रानाला परका वाटत नाही आणि सगळ्यांपर्यंत पोचतो.

कुणी रडलं तर? होतं असं. पाणी पुढे करा, जवळ बसा, गप्प राहा. ‘काय झालं’ विचारू नका. सांगायचं असेल तर सांगतील. एकदा एक गृहस्थ बैठकीनंतर बराच वेळ उठलेच नाहीत. मी शेजारी बसलो. शेवटी म्हणाले, “वडील गेल्यावर आज पहिल्यांदा कुणी मला काही विचारलं नाही.” पण घाबरल्यासारखं, छातीत दुखल्यासारखं काही दिसलं, तर फेरी थांबवा आणि सरळ दवाखाना गाठा.

बाहेर येऊन

गडग्याबाहेर आल्यावरच बोलायचं. गोल बसून प्रत्येकाने एक वाक्य सांगावं, काय दिसलं किंवा ऐकलं तेवढंच. दुसऱ्याने त्यावर मत द्यायचं नाही, सल्ला तर नाहीच. ज्याला बोलायचं नाही त्याने मान हलवावी, पुढचा बोलेल.

मग चहा. गवती चहा आणि आलं, थंडीत. मार्चनंतर कोकम सरबत, मीठ जरा जास्त घालून, घामाने गेलेलं भरून येतं. सोबत गरम घावणे. फोन सर्वांत शेवटी परत द्या. रोवळी मी मुद्दाम लांब ठेवतो.

घरी पोचल्यावर प्रत्येकाने कपडे लगेच गरम पाण्यात टाकावेत, साबण लावून आंघोळ करावी आणि काखा, जांघा, कानामागे गोचीड आहे का ते बघावं. पुढच्या आठ-दहा दिवसांत ताप आलाच, तर डॉक्टरांना रानात गेल्याचं आठवणीने सांगावं. हे मी निरोप घेताना तोंडी सांगतो आणि रात्री मेसेजही पाठवतो.

पैसे घेत असाल तर देवस्थानाचा, गुरवांचा आणि मागे चालणाऱ्या माणसाचा वाटा आधी काढा. किती, ते गावाशी बसून ठरवा.

शेवटचं रानाच्या बाजूने. आठवड्याला दोनच फेऱ्या, त्याही बैठकीच्या जागा बदलून. एका जागेवर महिनाभर माणसं बसली की तिथली माती दगडासारखी होते आणि पावसानंतर रोपं उगवत नाहीत, हे मी पाहिलं आहे. तिकडे मालवण तालुक्यात आचऱ्याला गावपळण असते. ठरावीक वर्षांनी अख्खं गाव, गुराढोरांसकट, तीन दिवस वेशीबाहेर जाऊन राहतं. तशी आम्हीही आमच्या राईची वाट शिमग्यात पालखी घरोघरी फिरते तेव्हापासून पंधरा दिवस बंद ठेवतो. उघडायच्या आदल्या दिवशी मी एकटाच आत जातो, काठी आपटत, आणि सुरंगीखाली पडलेल्या सुकल्या फुलांवर कुणाचं पाऊल उमटलेलं नाही ना, ते बघून येतो.